नोकरी आहे म्हणून बाळाला पहिल्यापासून डब्याचं दूध?

"नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामावर परत जायचंय, म्हणून पहिल्या दिवसापासून डब्याचंच दूध" असं इथे एकीने लिहिलंय, ते पटलं नाही. पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे. सुरुवातीचा चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, तरी चुकवू नका. दूध कमीच पडलं तर डबा आहेच, त्यात कमीपणा कसला!

रजेनंतरचं मात्र कुणी बोललं नाही. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजायला रोज दोनदा मधली सुट्टी कायद्याने मिळते, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही. माझ्या बहिणीला हे लेखी मागितल्यावरच मिळालं, तोंडी विचारलं तर सगळे हसतात. आणि पंप केलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, म्हणजे नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर ठेवायचंच नाही. घरी नेताना बर्फाच्या पिशवीतून न्या.