स्ट्रोकनंतर तोल जातो म्हणून डोक्याला कॉइल: उपचार म्हणून द्यावी का?

अनवाणी (धागालेखक)

स्ट्रोकनंतर हातापायांत थोडीफार ताकद येते, माणूस चालायलाही लागतो, पण तोल काही पूर्वीसारखा होत नाही. वळताना झोक जातो. मागून कुणी हाक मारली तर मान फिरवायची धास्ती वाटते. एकदा पडलेला माणूस दुसऱ्यांदा पडण्याच्या भीतीने चालणंच कमी करतो, आणि मग पाय आणखी कच्चे होतात.

या दुखऱ्या जागेवर आता दोन यंत्रं येऊन बसली आहेत. पहिलं टीएमएस: डोक्याजवळ कॉइल धरायची, तिच्या चुंबकीय ठोक्याने कवटीच्या आत क्षणभर वीज निर्माण होते आणि चेतापेशी प्रत्यक्ष पेटतात, म्हणजे संदेश सोडतात. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. दुसरं टीडीसीएस: मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर बांधून १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह साधारण २० मिनिटं सोडायचा. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तोलासाठी ही यंत्रं आज फक्त संशोधनात वापरावीत, तीही फुकट. ‘उपचार’ म्हणून पैसे घेऊन देणं चूक आहे. हाताच्या बाबतीत हा खेळ आपण एकदा पाहिलाय. छोट्या अभ्यासांत छान निकाल आले, मग अमेरिकेत १९९ रुग्णांची नीश नावाची मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल लागला: खरं उत्तेजन मिळालेल्यांपैकी ६७ टक्के सुधारले, खोटं (म्हणजे कॉइल लावल्याचा नुसता देखावा) मिळालेल्यांपैकी ६५ टक्के. म्हणजे सुधारणा होती, पण ती कॉइलची नव्हती. तोलाच्या बाबतीत आपण अजून छोट्या अभ्यासांच्या टप्प्यावरच आहोत.

पाऊलठसा

मी फिजिओ आहे, मेंदूच्या रुग्णांसोबतच काम करते. अनवाणी, तुम्ही हाताचा निकाल उचलून पायावर ठेवलात, तेही एका ठरावीक पद्धतीचा. नीशमध्ये मेंदूच्या निरोगी बाजूच्या, हात हलवणाऱ्या भागावर १ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला एक ठोका असं संथ, दाबणारं उत्तेजन दिलं होतं. त्यामागची कल्पना अशी की निरोगी बाजू दुखावलेल्या बाजूला डोकं वर काढू देत नाही, म्हणून तिला जरा गप्प करा. हातालाही ही कल्पना सरसकट लागू पडत नाही. ज्यांचं नुकसान मोठं आहे त्यांच्यात निरोगी बाजूच मदतीला धावते असं दिसतं. धड आणि पाय यांना तर दोन्ही बाजूंकडून आज्ञा जातात. त्यामुळे तिथे हे गणित चालेल अशी अपेक्षा मुळात मीही करत नाही.

तोलासाठी सगळ्यात आशा वाटावी असं काम लहान मेंदूवर झालंय, आणि ते तुम्ही वगळलंत. रोममध्ये जाकोमो कोख यांच्या गटाने २०१९ मध्ये चाचणी प्रसिद्ध केली. स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेले ३६ रुग्ण. लहान मेंदूच्या एका बाजूला उत्तेजन आणि जोडीला फिजिओथेरपी, असं तीन आठवडे. उत्तेजन म्हणजे ‘थीटा बर्स्ट’: ५० हर्ट्झने तीन ठोके, असे झुपके सेकंदाला पाच, दोन सेकंद चालू आणि आठ सेकंद विसावा. ६०० ठोक्यांची एक फेरी तीन मिनिटांत उरकते. खऱ्या गटाचा, तोल मोजणाऱ्या बर्ग स्केलवरचा सरासरी गुण ३४.५ वरून ४३.४ वर गेला, खोट्या गटात तशी सुधारणा नव्हती. चालताना पावलांमधलं अंतरही कमी झालं, म्हणजे माणूस पाय फाकवून चालणं सोडू लागला. हे रुग्णाला चालताना पाहिलंय त्याला कळेल, किती मोठी गोष्ट आहे ती.

बर्ग स्केल माहीत नसलेल्यांसाठी: १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, गोल वळणं, एका पायावर उभं राहणं वगैरे. पाचेक गुणांच्या आतला फरक मोजमापाच्या चुकीतही येऊ शकतो. नऊ गुण तसा येत नाही.

अनवाणी

रोमचा अभ्यास मी वाचलाय. एक केंद्र, ३६ माणसं. त्याच अभ्यासात हातापायांच्या हालचालीचा फूगल-मायर गुण आणि रोजची कामं मोजणारा बार्थेल निर्देशांक या दोन्हींत खऱ्या-खोट्या गटांत फरक नव्हता, हे तुमच्या प्रतिसादात राहून गेलं.

पाऊलठसा

राहून गेलं नाही, ते मला त्या निकालाचं बळ वाटतं! लहान मेंदूचं काम तोल आणि चालीचा ताळमेळ सांभाळणं. ताकद वाढली नाही, तोल वाढला, म्हणजे उत्तेजन जिथे दिलं तिथलाच परिणाम दिसला. सगळंच सुधारलं असतं तर मला जास्त संशय आला असता.

बार्थेलचं म्हणाल तर तो ढोबळ आहे. जिना चढता येतो का, अंघोळ स्वतः करता येते का, असे प्रश्न. तीन आठवड्यांत तो हलला नाही तर नवल नाही.

सर्किटवाला

विजेच्या बाजूने दोन गोष्टी. टीएमएस आणि टीडीसीएस एका दावणीला बांधू नका. टीएमएसने चेतापेशी खरोखर पेटते. हाताच्या भागावर ठोका दिला तर बोट उडतं, डोळ्यांनी दिसतं. टीडीसीएसचा प्रवाह इतका क्षीण असतो की पेशी पेटत नाही, फक्त पेटायच्या जरा जवळ किंवा लांब सरकते. त्यातही बराच प्रवाह आत पोचतच नाही. २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजमापात त्वचा, मऊ ऊती आणि कवटी मिळून सुमारे ७५ टक्के प्रवाह गिळतात असं आढळलं होतं.

दुसरं, मेंदूत पाय हलवणारा भाग कुठे आहे ते बघा. हाताचा भाग बाहेरच्या पृष्ठभागावर, कॉइलच्या आवाक्यात. पायाचा मात्र दोन अर्धगोलांमधल्या खाचेत आत, आणि डाव्या-उजव्या पायांचे भाग एकमेकांना जवळपास चिकटून. एकाला द्यायचं म्हटलं की दुसऱ्यालाही जातं. त्यासाठी वाकवलेली, खोलवर पोचणारी डबल कोन कॉइल वापरतात. मोठे स्पंज लावून ‘पायाच्या केंद्राला उत्तेजन देतो’ असं कुणी सांगत असेल तर ते अंदाजे दिलेलं उत्तेजन आहे, एवढंच म्हणेन.

लहान मेंदू त्यामानाने सोपा. डोक्याच्या मागे, खाली. तिथे थीटा बर्स्ट काही करू शकतो हे यंत्रशास्त्राला धरून आहे.

डावीकडे_झुकलेला

ज्याच्याबद्दल चाललंय तो बोलू का?

माझी डावी बाजू गेली होती. आता काठीशिवाय चालतो, पण गर्दीत नाही. अशाच एका अभ्यासात मी भाग घेतला होता. खरं मिळालं की खोटं, मला अजून माहीत नाही, आणि खोटं असलं तरी टाळूवर टकटक जाणवतेच, तेव्हा अंदाजही बांधता येत नाही. मी सुधारलो हे नक्की. पण त्या आठवड्यांत काय काय झालं बघा: रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, रोज तासभर कुणीतरी फक्त माझ्या तोलावर मेहनत घेणं, चुकलो की तिथल्या तिथे सांगणं, आणि ‘तुमचं काय चाललंय’ असं दर आठवड्याला मोजणं. एरवी मला फिजिओ किती मिळत होता? विचारू नका.

म्हणून नीशचा ६७-६५ चा आकडा मला वेगळाच वाचता येतो. खोट्या गटातले ६५ टक्के लोक सुधारले! अहो, ही तर बातमी आहे. कॉइलवर भांडताय, त्या ६५ टक्क्यांवर कुणीच का बोलत नाही?

अनवाणी

वर मी तेच म्हणत होतो, तुम्ही जास्त चांगलं म्हणालात. भरपूर आणि नेमका सराव मिळाला की माणूस सुधारतो. खर्च करायचाच असेल तर त्या तासांवर करा.

पाऊलठसा

मग आपण भांडतोय कशावर? उत्तेजन व्यायामाऐवजी द्या असं मी एका शब्दानेही म्हटलेलं नाही. नुसती कॉइल लावून घरी पाठवणाऱ्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. उत्तेजनानंतर थोडा वेळ मेंदू शिकायला मोकळा होतो, ही त्यामागची कल्पना. त्या वेळात सराव झाला नाही तर तो वेळ वाया.

आणि नीशबद्दल एक सांगायचं राहिलं: त्यातली खोटी कॉइल पुरेशी खोटी नव्हती, तिनेही थोडा परिणाम केला असावा, अशी शंका तेव्हाच घेतली गेली होती.

अनवाणी

हो, आणि म्हणूनच दुसरी खोटी कॉइल घेऊन आणखी ६० रुग्णांवर चाचणी झाली. फरक तेव्हाही दिसला नाही. ही पळवाट बंद आहे.

मोकळा होतो, मोकळा होतो म्हणता, पण सगळ्यांचा होतो का? लंडनमध्ये २०१३ साली पन्नासहून जास्त निरोगी लोकांवर थीटा बर्स्ट तपासला. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम जवळपास शून्य, कारण काहींचा मेंदू अपेक्षित दिशेने गेला आणि काहींचा उलट. निरोगी माणसांत ही गत, तर स्ट्रोकमध्ये प्रत्येकाची जखम वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराची. उलट दिशेने जाणाऱ्या रुग्णाला तुम्ही आधी ओळखणार कसं?

पाऊलठसा

आज ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येकाचं आधी आणि नंतर मोजायचं, आणि फरक नसेल तर थांबायचं. औषधांच्या बाबतीतही आपण हेच करतो की.

उंबरठा

एक अडचण विचारते. आईला स्ट्रोक लहान मेंदूतच झालाय. हातापायांत जोर आहे, पण उभी राहिली की बोटीवर उभी असल्यासारखी हलते. एका केंद्रात ‘लहान मेंदूला उत्तेजन देऊ, तोल येईल’ म्हणाले. वरचं वाचून आशा वाटतेय. घ्यावं का? बाबा घ्या म्हणतात, भाऊ नको म्हणतो, आणि निर्णय माझ्यावर सोडून दोघेही गप्प.

पाऊलठसा

ताई, इथे मीच हात आखडता घेईन. रोमच्या चाचणीतले रुग्ण मोठ्या मेंदूत, मधल्या धमनीच्या क्षेत्रात स्ट्रोक झालेले होते. त्यांचा लहान मेंदू शाबूत होता आणि उत्तेजन त्या शाबूत भागाला दिलं. मोठ्या मेंदूची एक बाजू आणि लहान मेंदूची विरुद्ध बाजू जोडलेली असते, त्या जोडणीचा फायदा घेण्याचा तो प्रयत्न होता. तुमच्या आईंच्या बाबतीत जखमच तिथे आहे. तो निकाल त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि कुठलंही उत्तेजन घ्यायच्या आधी हे विचारलं जायलाच हवं: डोक्यात धमनीची क्लिप किंवा दुसरा धातू आहे का, पेसमेकर आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, कधी फिट आली होती का, कोणती औषधं चालू आहेत. टीएमएसने फिट येणं दुर्मीळ आहे, पण स्ट्रोकने दुखावलेला मेंदू मुळात फिटच्या जवळ असतो. टीडीसीएसमध्ये खाज, चुणचुण, डोकेदुखी, आणि स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजणं. यातलं काहीही न विचारता थेट सत्रांचं वेळापत्रक हातात देत असतील तर उठून या.

शंकेखोर

घरी बसून टीडीसीएस करायची यंत्रं ऑनलाइन मिळतात, म्हणून सांगतो. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी घरगुती वापराबद्दल खुलं पत्र लिहून सावध केलं होतं. तेही निरोगी लोकांना. स्ट्रोक झालेल्याने हा उद्योग करू नये.

बाकी ‘अपाय नाही ना, मग द्या’ हे वाक्य मला कुठेच पटत नाही. २०१५ ची अ‍ॅव्हर्ट चाचणी आठवा, २१०४ रुग्णांची. स्ट्रोकनंतर पहिल्या २४ तासांत लवकर आणि जास्त वेळा उठवून चालवलं तर बरं, असं सगळ्यांना वाटत होतं. निकाल उलटा लागला, चांगल्या स्थितीत पोचणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात कमी निघालं. उठून चालण्याइतकी निरुपद्रवी गोष्ट नसेल, तिचीही मात्रा चुकू शकते.

डावीकडे_झुकलेला

मुद्दा मान्य, पण तो पहिल्या २४ तासांचा. सहा महिने उलटले की डॉक्टर ‘आता एवढंच’ म्हणतात आणि पुढे पाठवायला कुणीच नसतं. अशा वेळी ‘मोठ्या चाचणीची वाट बघा’ हा सल्ला देणाऱ्याचे दोन्ही पाय धड असतात. मी वाट बघेन, बघतोच आहे. फक्त त्या वाट बघण्याला शास्त्रीय शिस्त वगैरे म्हणू नका, माझ्यासाठी ती वर्षं आहेत.

अनवाणी

तुमच्या वर्षांची किंमत मला कळते म्हणूनच पैसे घेण्याला विरोध करतोय. चाचणीत या, फुकट या, मोजमाप होऊ द्या. पैसे घेतले की केंद्राला खोटा गट ठेवता येत नाही. कोण पैसे देऊन खोटी कॉइल लावून घेईल? मग पुढची दहा वर्षं आपण इथेच, याच छोट्या अभ्यासांवर भांडत बसू.

पाऊलठसा

हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण चाचण्या चालतात मोजक्या ठिकाणी, आणि त्यात बसायला वय, जखमेची जागा, काळ, सगळं जुळावं लागतं. बहुतेक रुग्ण दारातूनच परत जातात. त्यांनी काय करायचं, हे धाग्यात अजून कुणी सांगितलेलं नाही.

उंबरठा

आज त्या केंद्रात फोन केला. दोनच गोष्टी विचारल्या: आईचा बर्ग गुण किती आहे, आणि सत्रानंतर लगेच किती वेळ व्यायाम करून घेणार? पहिल्यावर ‘ते नंतर बघू’, दुसऱ्यावर ‘व्यायाम तुम्ही घरी करा’. नाही म्हणून सांगितलं. भाऊ खूश, बाबा रुसलेत.

@पाऊलठसा, बर्ग घरी आम्हाला घेता येईल का, की शिकलेला माणूसच लागतो?

पाऊलठसा

शिकलेलाच हवा. एका पायावर उभं करताना पडल्या तर काय घ्याल? पण उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचं, एवढं घरी जमतं. कुणीतरी अगदी शेजारून चालायचं, आणि दर वेळी खुर्ची तीच, चप्पल तीच. मात्र पहिल्यांदा तुमच्या फिजिओसमोर करून घ्या. चालताना आई फार हलत असतील तर फिजिओ हेही नको म्हणतील, आणि मग त्यांचं ऐका.