३.५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प : आधी स्पीकर बदला, सबवूफरचं नंतर बघू

खर्जप्रेमी
सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा आवाज तोकडा वाटतो म्हटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो : सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) लावा. मला हे उलटं वाटतं. २ए३ ही व्हॉल्व्ह जेमतेम ३.५ वॅट देते, ३००बी ८ च्या आसपास. ८७ डेसिबलच्या (म्हणजे १ वॅटला १ मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला ३.५ वॅट दिले तर १ मीटरवर ९२ डेसिबल, संपलं. वॅट दुप्पट केले तरी वाढतात ३ डेसिबल. म्हणजे ८७ च्या जागी ९६ डेसिबलचा स्पीकर आणणं हे अ‍ॅम्प आठपट मोठा करण्यासारखं आहे. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न, म्हणजे थोड्या वॅटांत मोठा आवाज देणारा भोंग्याचा स्पीकर केला, तेव्हा वॅट महाग होते. आपल्याकडे तर मुद्दाम कमीच घेतलेत! सब खालचं टोक भरेल, पण तबल्याची चाट ज्या स्पीकरातून येते तो उपाशीच राहणार.

रात्रपाळी
गणित बरोबर, खोली चुकीची. माझी दहा बाय बारा, कान स्पीकरपासून दोन मीटरवर, आणि ऐकायचं रात्री अकरानंतर. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. शिखरं नव्वदीला टेकली तरी शेजारी दार ठोठावतील. प्लास्टरच्या उघड्या भिंतींत हॉर्न ठेवून सनई ऐका एकदा, मग बोलू. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरसारखा ८३ डेसिबलचा स्पीकर मीही २ए३ला जोडणार नाही, पण ईएल८४ व्हॉल्व्हच्या जोडीने चालणाऱ्या पुश-पुल अ‍ॅम्पच्या दहा-बारा वॅटवर तो मजेत चालतो. त्याला नसलेला खर्ज सबने दिला तर बिघडलं काय?

सोल्डरवाला
दोघेही डेसिबलच मोजताय. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवरचा असतो. ८ ओहमला तो १ वॅट, ४ ओहमला २. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे ९० हे खरे ८७.

दुसरं, फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेल्या ट्रायोड, म्हणजे २ए३-३००बीसारख्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) दोन-तीन ओहम असतो. स्पीकरचा इम्पिडन्स जिथे वर चढतो तिथे आवाजही फुगतो, विशेषतः बासच्या रेझोनन्सला (स्पीकर जिथे आपोआप घुमतो त्या वारंवारतेला). बरेच जण त्यालाच ‘ट्यूबचा उबदारपणा’ म्हणतात. ९६ डेसिबलचा पण इम्पिडन्सच्या चढउताराचा स्पीकर आणि ९१ चा सपाट, यात मी दुसरा उचलेन.

आता सब. स्पीकरच्या टर्मिनलवरून हाय-लेव्हल वायर घेतली तर अ‍ॅम्पवर भार जवळपास पडत नाही, पण त्याचं कामही कमी होत नाही. ते करायचं असेल तर पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला कॅपॅसिटर टाका. इनपुट १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडने सुमारे ७२ हर्ट्झपासून खाली उतार लागतो. मग सबची वायर मात्र प्रीअ‍ॅम्पवरून (पॉवर अ‍ॅम्पच्या आधीच्या टप्प्यावरून), कॅपॅसिटरच्या आधी घ्यायची. टर्मिनलवरून घेतलीत तर सबलाही छाटलेलाच बास मिळेल.

खर्जप्रेमी
पण छाटून वाचतं किती? काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज ६९. ख्याल ऐकणाऱ्याला त्याखाली उरतं काय? अ‍ॅम्प धापा टाकतो तो तानेच्या जोरावर, आणि ती सगळी तुमच्या कॅपॅसिटरच्या वर आहे. पाइप ऑर्गन ऐकणाऱ्यांनी खुशाल छाटावं.

सोल्डरवाला
संगीत नसलं तरी एलपी असते. वाकडी तबकडी दहा हर्ट्झच्या खालचा कचरा पाठवत राहते. तेवढ्याच व्होल्टेजला वारंवारता निम्मी झाली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या) गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. छोटा ट्रान्सफॉर्मर तिथेच गुदमरतो आणि तुमची तान खराब होते. तेव्हा सब नसला तरी कॅपॅसिटर हवाच. फक्त तो फार लहान घेऊ नका, ०.१ मायक्रोफॅरडचा घ्या, म्हणजे उतार १६ हर्ट्झपासून.

खर्जप्रेमी
हे पटलं. सब नको, कॅपॅसिटर हवा. माझ्या बाजूनेच बोलताय की!

रात्रपाळी
थांबा. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झला घुमारा ठरलेला, दहा फुटांच्या बाजूने ५६ ला. मोठ्या स्पीकरचा बास तो जिथे उभा असेल तिथूनच येणार. सब मी सरकवत सरकवत घुमारा कमी होईल तिथे नेतो आणि स्पीकर आवाजाला बरे तिथे ठेवतो. ही सोय ९६ डेसिबलच्या कपाटात नाही.

खर्जप्रेमी
आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर?

रात्रपाळी
तरी सबच. तुमच्या हॉर्नला उचलायला दोन माणसं लागतात, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्याकडे लिफ्ट नाही.