स्प्रिंटरची संधी आठ जणांच्या यादीतच ठरते

सायकल शर्यतींबद्दल म्हणतात, ‘दम असेल तर स्प्रिंटर (शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटून जिंकणारा) एकटाही जिंकतो’. हे पटलं नाही. २००९ च्या टूर द फ्रान्सचा पॅरिसमधला शेवट आठवा. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशच्या पुढे असलेल्या त्याच्याच संघातल्या मार्क रेनशॉने शेवटचं वळण असं काही घेतलं की मागच्यांना फटच भरता आली नाही. कॅव्हेंडिश पहिला आणि त्याला ओढून आणणारा रेनशॉ चक्क दुसरा! पायांत जोर होताच, पण तो वाऱ्यापासून जपून शेवटच्या दीड-दोनशे मीटरपर्यंत आणला कुणी?

खरी गोची वेगळीच. २०१८ पासून मोठ्या शर्यतींत संघ नऊऐवजी आठ जणांचा झाला. संघात पिवळ्या जर्सीचा, म्हणजे संपूर्ण शर्यत जिंकण्याचा, दावेदार असेल तर चढावाचे गडी आधी भरायचे, स्प्रिंटरच्या वाट्याला उरला तर एखादा. शिवाय सपाट टप्प्यावर दिवसभर पुढे राहून ब्रेकअवे, म्हणजे आधीच पुढे पळालेला छोटा गट, आटोक्यात ठेवायचा कुणी? सगळे स्प्रिंटरवाले संघ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले की पळालेले चौघे निसटतात.

आणि डोंगर विसरू नका. टप्पा ठरलेल्या वेळेच्या मर्यादेत संपवला नाही तर स्प्रिंटर शर्यतीबाहेर, थेट घरी. २०२१ मध्ये कॅव्हेंडिशने चार टप्पे मारले, ते चढावांवर सोबती त्याच्यासाठी मागे थांबले म्हणूनही.