जुन्या मार्टिनी रायफलचा पुढचा दस्ता घरी घडवायचा आहे: लाकूड आणि नळीच्या खाचेबाबत सल्ला हवा

नमस्कार.

वडिलांच्या पश्चात त्यांची बीएसए कंपनीची पॉइंट २२ मार्टिनी रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. नळी आणि यंत्रणा उत्तम स्थितीत आहे. मात्र नळीखालचा लाकडी दस्ता, म्हणजे फोर-एंड, स्क्रूच्या भोकापासून टोकापर्यंत उभा तडकला आहे. लाकडात वर्षानुवर्षे तेल मुरल्यामुळे तिथे कोणताही गोंद धरत नाही. दोनदा चिकटवला, दोनदा उकलला. या रायफलीत मागचा आणि पुढचा दस्ता स्वतंत्र असल्याने फक्त पुढचा तुकडा नव्याने करता येईल. लोखंडी भागाला मी हात लावणार नाही, आणि परवान्याचे हत्यार सुताराच्या दुकानात ठेवून येणे योग्य नसल्यामुळे नळी बसवण्याचे काम मलाच घरी करावे लागणार आहे.

मूळ दस्ता अक्रोडाचा आहे. नाशिकच्या ज्या दोन-तीन वखारींत मी चौकशी केली तिथे अक्रोड मिळाला नाही. माझ्याकडे दोन पर्याय आहेत: जुन्या नाशकातला आमचा वाडा उतरवला तेव्हा राखून ठेवलेला सागवानी तुळईचा तुकडा, आणि आजीच्या शिसवी पलंगाचा एक खूर. साग पुरता वाळलेला असून ऋतुमानाने फारसा हलत नाही. पण त्यातल्या वालुकांशामुळे पटाशीची धार लवकर जाते आणि पातळ कडांचे कपचे उडतात. शिसव कणखर आहे, पण वजनदार. शिवाय खुरातल्या रेषा तिरप्या गेल्या आहेत आणि दस्त्यात त्या नळीला समांतर हव्यात, म्हणून माझा कल सागाकडे आहे.

खरी अडचण दस्त्यात नळी बसते त्या खाचेची आहे. सरावासाठी खोक्याच्या फळीवर दोन समांतर रेषा आखून गोल पटाशीने कोरत गेलो. नळी पुढे निमुळती होत जाते हे माहीत असूनही आखताना विसरलो, त्यामुळे मागे नळी घट्ट बसली आणि पुढे जवळजवळ २ मिलिमीटरची फट राहिली. दुसऱ्या फळीवर मात्र नळीला काजळाचा पातळ थर देऊन ती खाचेत दाबली आणि जिथे काळे उमटले तेवढेच खरवडले. एका संध्याकाळी जेमतेम कागदाच्या जाडीएवढे लाकूड निघते, पण बसते नेमके. (काजळ घरच्याच डबीतले घेतले, त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले.)

आता प्रश्न असा, की नळी खाचेत पूर्ण टेकलेली ठेवावी, की स्क्रूजवळचा भाग सोडून बाकी सर्वत्र पोस्टकार्ड सरकेल इतकी फट ठेवावी? लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवे मात्र फुगते. आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत कपाटातले कपडेही दमट असतात, त्यामुळे उन्हाळ्यात नेमकी बसवलेली खाच पावसाळ्यात नळीला एका बाजूने रेटेल आणि नेम सरकेल, अशी मला धास्ती आहे. शिवाय दस्त्याची मागची कड यंत्रणेच्या लोखंडाला भिडवावी की तिथेही किंचित अंतर सोडावे?

शेवटी, बाहेरून जवसाच्या तेलाचे हात द्यायचे ठरवले आहे, परंतु खाचेचा आतला भाग आणि दोन्ही टोकांचे उघडे छेद चपड्याने (लाखेच्या पॉलिशने) बंद केले तर दमट हवेत अधिक टिकतील का? सागाच्या अंगच्या तेलावर चपडा धरतो, असा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे. तुळईला हात लावायच्या आधी ते समजले तर बरे, कारण तसला तुकडा माझ्याकडे एकच आहे.