कंपनी सोडून पुन्हा मिस्त्रीकाम : आठ हजारांत कोणती हत्यारे घ्यावीत?

समुद्रपूरकर
नमस्कार मंडळी. वडील मिस्त्री असल्याने बारावीनंतर काही वर्षे मी त्यांच्या हाताखाली जुडाई (विटांची बांधणी) आणि छपाई (गिलावा) केली. पुढे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि तेथे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नऊ वर्षे गेली. ठेकेदारामार्फत असल्याने कायम होण्याची आशा उरलेली नाही, शिवाय ओव्हरटाइमही बंद झाला आहे, म्हणून दिवाळीनंतर गावी येऊन पुन्हा बांधकाम धरण्याचा विचार आहे. घरची हत्यारे मध्यंतरी विकली गेली. नव्यासाठी माझ्याकडे ८,००० रुपये आहेत, त्याहून जास्त नाहीत. पातळी पाहायला लेझर लेव्हल घ्यावी की पाण्याच्या नळीने भागेल? आणि पहिले वर्ष कोणाच्या हाताखाली रोजीने जावे की थेट घरकुलांचे मजुरी-ठेके घ्यावेत?

घमेले_फावडे
भाऊ, आठ हजारांत धंदा उभा राहत नाही. मी कर्ज काढून काँक्रीटची मिक्सर मशीन घेतली, आज ती तीन तालुक्यांत भाड्याने जाते आणि मी स्वतः थापी हातात धरत नाही. मजूर मिळत नाहीत हे खरे दुखणे आहे. कापूस वेचणी सुरू झाली की रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) शेतात जातात आणि स्लॅबच्या दिवशी घमेले उचलायला कोणी नसते. मिक्सर घ्या, बाकी सर्व आपोआप होते.

हिंगणघाटी
लेझरच घ्यावी. माझी हिरव्या किरणांची आहे; चालू केली की घरमालक आपोआप नमस्कार घालतो आणि मजुरीत घासाघीस करत नाही. नळी धरायला दोन माणसे लागतात, लेझरला एकही लागत नाही.

निवृत्त_अभियंता
हिंगणघाटींच्या लेझरची रेघ खोलीच्या आत उत्तम दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात, उघड्या जोत्यावर, दुपारी ती शोधावी लागते. पायापासून स्लॅबपर्यंतचे बहुतेक काम उघड्यावरचे आहे, त्यामुळे नळी पुरे. मात्र पाणी भरताना नळीत बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी दाखवली जाते. करणी, थापी, रंधा, ओळंबा, सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी, टेप आणि सुतळी एवढे घेऊनही निम्मे पैसे उरतील. मोठा गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) विकत घेऊ नये : सुतळीवर एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट मोजावे आणि तिरके माप बरोबर पाच फूट आले की कोपरा काटकोनात आहे. ओळंब्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. गट्टू (दोरीवरचा ठोकळा) वर भिंतीला टेकवल्यावर खालच्या लोलकाने भिंतीला जेमतेम शिवावे. तो भिंतीवर रेलला तर भिंत खाली बाहेर आली आहे आणि मध्ये फट दिसली तर ती खाली आत गेली आहे. नवीन ओळंबा घेताना गट्टूची रुंदी आणि लोलकाची जाडी सारखी आहे की नाही, हे दुकानातच पाहावे.

चंद्रपुरी_राख
हत्यारांपेक्षा विटेचे शिका. नऊ वर्षांत आमच्याकडे राखेच्या विटांचे चलन फार वाढले आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे असल्याने राखेला तोटा नाही, वीट एकसारख्या मापाची निघते, त्यामुळे मसालाही (सिमेंट-वाळूचे मिश्रण) कमी लागतो आणि छपाईही.

आर्वीचा_भट्टीवाला
राखेच्या विटेवर छपाई धरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाल विटेला पर्याय नाही.

चंद्रपुरी_राख
आपली भट्टी आहे, आपण दुसरे काय सांगणार? राखेच्या गुळगुळीत भिंतीवर आधी सिमेंटचा खरबरीत हात मारला, सांधे खरवडून घेतले आणि मग छपाई केली तर ती पक्की धरते. उलट लाल वीट कोरडीच लावली तर मसाल्यातले पाणी ती पिऊन टाकते, हेही आपण डोळ्यांनी पाहिले असेल.

निवृत्त_अभियंता
विटेचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्यावा. धागाकर्त्याच्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमाच्या थरापर्यंत गेला नाही तर लाल काय अन् राखेची काय, दोन्ही भिंती तडकतील.

यवतमाळ_रोजी
घरकुलाचा मजुरी-ठेका चुकूनही घेऊ नका. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपयांचे आहे आणि त्याचे हप्ते जोता, लिंटेल (दार-खिडक्यांवरची तुळई) असे टप्पे गाठल्यावर, फोटो चढवल्यानंतर येतात. लाभार्थ्याचा हप्ता अडकला की मिस्त्रीची मजुरीही अडकते. एका घराचे माझे पैसे दोन पोळे उलटले तरी आलेले नाहीत, आणि तो मनुष्य रोज चहाच्या टपरीवर भेटतो, त्यामुळे भांडताही येत नाही. रोजीने जा, संध्याकाळी पैसे हातात घ्या.

घमेले_फावडे
म्हणूनच म्हणतो, मिक्सर. भाडे आधी, मशीन नंतर.

बुटीबोरी_दुसरीपाळी
हत्यारांविषयी मला काही सांगता येणार नाही, पण राजीनाम्याविषयी सांगतो. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत १० वर्षे सेवा असल्यास ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो, आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे साडेनऊ वर्षे भरत असतील तर थोडे थांबणे शहाणपणाचे आहे. त्याआधी सोडल्यास पेन्शनचे पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्यावे. पुढे कुठे नोकरी लागली तर जुनी सेवा जोडली जाते. पाच वर्षे सलग झाल्याने ग्रॅच्युइटीही मिळायला हवी, ठेकेदारामार्फत असलात तरीही. ती दर वर्षाला १५ दिवसांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या हिशेबाने मागावी.

आर्वीची_घरमालकीण
१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर मिळते, ग्रामपंचायतीत विचारावे. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, ते ग्रामसेवकही देऊ शकतात. माझ्या दिरांनी तसेच केले. आता माझे गाऱ्हाणे ऐका : आमच्या हॉलच्या फरशीवर बोटाने वाजवले तर निम्म्या टाइल्स पोकळ वाजतात, पलंगाखालची एक तर सुटून हातात आली. खाली सिमेंटचे चार कोपऱ्यांवर चार गोळे, मध्ये काहीच नाही. लावणारा म्हणाला, सगळे असेच लावतात. धड माणूस नागपूरहून आणावा लागतो आणि तो महिना महिना येत नाही.

हिंगणघाटी
फरशीचे काम गावात किती निघणार? त्याच्या नादी लागू नये.

यवतमाळ_रोजी
सहमत. गुडघे जातात ते वेगळेच. रोजी बरी.

समुद्रपूरकर
सर्वांचे मनापासून आभार. विचारांती असे ठरवले आहे की जुडाई, छपाई, घरकुल आणि मिक्सर यांपैकी काहीच न करता केवळ फरशीचे काम धरायचे. कंपनीत मापात मिलिमीटरचा शंभरावा भाग पाहण्याची सवय लागली आहे. विटेच्या जुडाईत त्या सवयीचा त्रासच होईल, पण दोन मिलिमीटरच्या सांध्यात ती उपयोगी पडेल. मार्बल कटर, रबरी हातोडी, दातेरी थापी, स्पेसर (सांधे सारखे ठेवणारे तुकडे) आणि नळी एवढे आठ हजारांत बसते, हे दुकानात विचारून आलो. साडेनऊ वर्षांना अजून पाच महिने आहेत. खोलीभाडे भरत तेवढे थांबणे परवडणार नाही, म्हणून योजना प्रमाणपत्र घेऊन येतो. पहिली खोली चुलतभावाची मिळाली आहे.

हिंगणघाटी
फरशी म्हणजे खोलीच्या आतले काम. तेथे तर अभियंता साहेबांच्या मतेही लेझर दिसते. आता घ्यावीच लागेल.

घमेले_फावडे
वर्षभरात मिक्सरसाठी फोन येईल, नंबर जपून ठेवतो.

निवृत्त_अभियंता
निर्णय माझ्या सल्ल्याबाहेरचा असला तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्हिट्रिफाइड टाइल (काचेसारखी घट्ट भाजलेली) जवळजवळ पाणी शोषत नाही, त्यामुळे ती साध्या सिमेंटच्या घोळावर धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवण्याचा तयार मसाला वापरावा, तो दातेरी थापीने पूर्ण पसरावा आणि पहिल्या काही टाइल्स लगेच उचलून पाठीमागे मसाला सर्वत्र लागला आहे की नाही, ते पाहावे. मसाल्याचा खर्च घरमालकाला आधीच सांगावा, नंतर सांगितला तर तो मजुरीतून कापला जातो. दुसरे असे की कटर कोरडा चालवू नये. ती धूळ थेट छातीत बसते. पाणी सोडून कापावे, कटरची वायर पाण्यापासून दूर ठेवावी आणि तोंडाला दुपट्ट्याऐवजी नीट बसणारा मास्क बांधावा.