"होत आलंय सर" : अर्धवट पीएच.डी. आणि गाईडसमोर खरं बोलणं

मी नाशिकमध्ये तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. पीएच.डी.चं सातवं वर्ष चालू आहे, आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं मी गाईडना एकच वाक्य ऐकवत होते, "तिसरं प्रकरण होत आलंय सर." फाइलमध्ये अकरा पानं होती. तीही टिपणांची.

माझा विषय रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. कुठल्या गावचे यजमान आले, बरोबर कोण होतं, कोणत्या विधीसाठी आले, अशा घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी. जुन्या वह्या मोडीत. मोडी येते, असं मी पहिल्याच भेटीत सरांना सांगितलं होतं. येत होती ती वर्गातली, वळणदार. घाईत ओढलेली खरी ओळ समोर आली की शब्द कुठे तुटतो तेच कळेना. दर महिन्याला वाटायचं, जरा सराव करते, मग सरांना सांगते. तो महिना कधी आलाच नाही.

शेवटी दिवाळीनंतर गंगापूर रोडला सरांच्या घरी गेले आणि वहीच्या एका पानाचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. "सर, ह्या एकवीस ओळींपैकी मला सहा लागतात. बाकीच्या लागत नाहीत." सरांनी चष्मा लावला, पान बराच वेळ पाहिलं. "हे दोन वर्षांपूर्वी का नाही बोललीस?" आवाज चढलेला होता. मी रडले. काकू पाणी घेऊन आल्या आणि परत आत गेल्या. मग सरांनी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना फोन लावला. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी पंचवटीत त्यांच्याकडे बसते. दोनशे वर्षांचा पसारा सरांनी एका घराण्याच्या वह्यांपुरता आणला. प्रबंध अजून पूर्ण नाही, पण आता सरांचा फोन आला की पोटात गोळा येत नाही.

ज्यांनी असं सांगितलं, किंवा ज्यांना सांगता आलं नाही, त्यांनी लिहा. गाईडचं, कॉलेजचं नाव नको.

दिंडोरी तालुक्यातून

माझं काम द्राक्षावरच्या भुरीवर, म्हणजे पानांवर-घडांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीच्या रोगावर. तीन हंगामांचे प्रयोग ठरले होते. ऑक्टोबर छाटणीनंतर ठरावीक दिवसांनी बागेत जायचं, खुणेच्या वेलींची पानं तपासायची, पानाचा किती भाग भुरीने धरलाय ते पाहून गुण द्यायचे. काही ओळी मुद्दाम फवारणीविना ठेवलेल्या, तुलनेसाठी. दुसऱ्या हंगामात वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि माझ्या काही फेऱ्या चुकल्या. परत गेलो तर बागवाल्या काकांनी त्या ओळींवरही गंधक मारलेलं. "डोळ्यांदेखत घड पांढरे पडायला लागले, मला बघवेना रे." त्यांचं वर्षाचं पीक होतं. त्यांना काय बोलणार?

त्या रात्री मी एक्सेलमध्ये चुकलेल्या तारखांचे आकडे भरले. मागची नोंद आणि पुढची नोंद यांची सरासरी. तुलनेच्या ओळींचे तर पहिल्या हंगामावरून अंदाजाने. तक्ता इतका सुबक दिसत होता की कुणाला शंका आली नसती. मॅडमना मेलही केला. पुढचे नऊ दिवस जेवण गेलं नाही. याच तक्त्यावरून उद्या मी एखाद्या शेतकऱ्याला सांगणार, की अमुक फवारणीने तमुक फरक पडतो, आणि तो त्यावर पैसे घालणार, हे डोक्यातून जाईना.

मॅडमना केबिनमध्ये नाही सांगू शकलो. त्या बागेवर आल्या तेव्हा, वेलींखाली वाकलेले असताना सांगितलं, "मॅडम, दुसऱ्या हंगामातले पिवळ्या रंगातले आकडे मी घेतलेले नाहीत. भरलेत." त्या सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ते रकाने आज पुसायचे. कोरे ठेवायचे, आणि का कोरे आहेत ते प्रबंधात लिहायचं, गंधकासकट." एक हंगाम वाढला. बागेचं भाडं, येण्याजाण्याचा खर्च, घरची बोलणी, सगळं अंगावर आलं. पण काकांची फवारणी आता प्रबंधात आहे. मला ते प्रकरण सगळ्यात जवळचं वाटतं.

नाशिकरोडहून

थोडंसंच लिहिते. बाळंतपणानंतर मी सव्वा वर्ष मॅडमचा फोन घेतला नाही. आपलं रजिस्ट्रेशन गेलंच असेल असं धरून चालले होते. शेवटी सासूबाईंनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मॅडमनी आधी बाळाचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, अगं, नियम तरी बघायचेस. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि बायकांना त्यावर दोन वर्षांची सूट, म्हणजे जास्तीत जास्त दहा. बाळंतपण आणि संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा वेगळी. माझं काहीच गेलेलं नव्हतं. मी उगाच लपून राहिले.

अंबडहून, कारखान्यातली नोकरी

माझं चांगलं झालं नाही, तेही लिहितो. शिफ्ट सांभाळून होत नाही, सोडतो, असं गाईडना सांगितलं. ते म्हणाले, "पाच वर्षं माझी सीट अडवून बसलास." त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. अर्जावर सही मिळायला चार महिने लागले. तेव्हा फार लागलं. त्यांचं वागणं मला आजही पटत नाही, पण सीटचं खरं होतं. प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. माझ्या जागेवर कुणीतरी ताटकळत असणार. दुसऱ्याच वर्षी मला कळलं होतं की होणार नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. आईला अजून "चालू आहे" एवढंच माहीत आहे.

इंदिरानगरहून

मी गाईड होतो, आता निवृत्त आहे. आम्हाला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. कळतं. विद्यार्थी विभागात दुसऱ्या जिन्याने यायला लागला की कळतं. "नमस्कार सर" म्हणताना हातातली पिशवी मागे गेली की कळतं.

तरीही आम्ही विचारत नाही, कारण विचारलं तर आम्हालाही वेळ द्यावा लागतो. माझा एक विद्यार्थी होता, सुरगाण्याकडचा, हुशार. कोकणा बोलीतल्या शेतीच्या शब्दांवर काम करत होता. दर सहामाहीला प्रगती अहवाल घेऊन यायचा, दर वेळी तेच चार परिच्छेद, तारीख तेवढी नवी. मी 'समाधानकारक' लिहून सही करायचो. पाच अहवाल असे गेले. मग तो यायचा थांबला, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की त्याने काम अर्धवट टाकलं.

तुमचे अनुभव परवा वाचले आणि काल त्याला फोन केला. आश्रमशाळेत शिकवतो आता. मी म्हणालो, "तुझ्या अहवालांवर मी न वाचता सह्या केल्या. तू खोटं लिहीत होतास ते मला माहीत होतं." पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाला, "सर, शब्दांच्या चिठ्ठ्या अजून आहेत. पत्र्याच्या पेटीत. आणू का?"

रविवारी येतोय. सकाळच्या एसटीने.