शब्दचर्चा : ‘विणणे’ या एका क्रियापदात किती कामे?

मूळ प्रश्न

मैत्रिणीच्या बाळासाठी मी दोन सुयांवर एक टोपरे आणि त्याच रंगाची, क्रोशाची एक लहान शाल केली आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘हाताने विणलेले’ एवढेच लिहिले. चिठ्ठी वाचून मैत्रिणीच्या सासऱ्यांनी अगदी मनापासून विचारले, ‘म्हणजे तुमच्या घरी माग आहे का?’ सगळे हसले, पण त्यांचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, क्रोशाने रुमाल विणतात, नवारीने पलंग विणतात, कोळी जाळे विणतो आणि सुगरण खोपा विणते. कामे इतकी वेगळी आणि क्रियापद एकच. इंग्रजीत यांतल्या पहिल्या तिन्ही कामांना स्वतंत्र क्रियापदे आहेत. मग ही मराठीची उणीव मानायची का, आणि मानायची असेल तर नवे शब्द घडवावेत का? मला या दोन्ही वस्तूंची कृती मराठीत लिहून काढायची आहे, त्यामुळे प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही.

प्रतिसाद १

उणीव मानण्यापूर्वी आपण स्वतःचेच वाक्य पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. आपण ‘मागावर’, ‘सुयांवर’ असे लिहिले, पण पुढे ‘क्रोशाने’ असे लिहिले. हा फरक आपण ठरवून केला नसेल, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे.

मागावर ताण्याचे उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा आडवा धागा त्यांच्या वरून व खालून जातो. त्या कापडात कोठेही फास नसतो, फक्त धागे एकमेकांना ओलांडत असतात. दोन सुयांच्या विणकामात एकच लांब धागा असतो आणि आधीच्या ओळीतल्या प्रत्येक फासातून नवा फास ओढून काढला जातो, त्यामुळे त्या ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली तर ते सगळेच उघडे पडतात. क्रोशाचे तसे नाही. तेथे प्रत्येक टाका पुरा करूनच पुढच्याला हात घालायचा असतो आणि आकड्यावर काम थांबवले तर साधारणपणे एकच फास उरतो. म्हणजे माग आणि सुया या काम जिच्यावर बसलेले असते अशा जागा आहेत, तर क्रोशा हे केवळ हातातले हत्यार आहे. मराठीने क्रियापद वेगळे केले नाही. फरक विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययावर सोपवला.

तिन्ही वस्तूंचे वागणेही यातूनच ठरते. मागाचे कापड उभे-आडवे फारसे ताणत नाही आणि तिरके मात्र ओढले जाते. सुयांवरचे विणकाम फासांचेच असल्यामुळे चहूकडे ताणते आणि सोडले की पुन्हा जागेवर येते, म्हणून टोपरे डोक्यावर बसते.

प्रतिसाद २

वरील निरीक्षण मला आवडले, तथापि ते नियम म्हणून मांडू नये. ‘क्रोशावर विणलेले’ असेही लोक सर्रास म्हणतात, आणि बहुतेक वेळा तर ‘क्रोशाचा रुमाल’ एवढेच म्हणून क्रियापद टाळतात. माझ्या मते खरा तोडगा या षष्ठीतच आहे.

प्रतिसाद ३

‘विणणे’ या धातूच्या कुळाकडे पाहिले तर हा शब्द किती खोलवर गेला आहे ते दिसते. संस्कृतात विणण्यासाठी ‘वे’ हा धातू आहे आणि त्याचे भूतकाळवाचक धातुसाधित ‘उत’ असे होते. त्याला ‘आ’ जोडून ‘ओत’ आणि ‘प्र’ जोडून ‘प्रोत’. आपण ‘मायेने ओतप्रोत भरलेले’ असे म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काठोकाठ भरलेले भांडे येते, कारण मराठी कानाला ‘ओत’ म्हणजे ‘ओतणे’ वाटते. मूळ अर्थात पाण्याचा थेंबही नाही. ओतप्रोत म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेले. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळे जर पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे, आणि मग ती एकेक थर उलगडत वर वर जाते. प्रश्न विणकराच्या भाषेतला आहे: हा ताणा कोणत्या मागावर चढवला आहे? गंमत अशी की तेथे योगायोगाने पाण्याचाच उल्लेख असल्यामुळे ‘ओतणे’ ही गैरसमजूत आणखी पक्की होते.

‘तंत्र’ हा शब्दही याच घरातला आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे. त्यावरून ‘तंतू’ आणि ‘तंत्र’, आणि तंत्राचा एक जुना अर्थ माग किंवा मागावरचा ताणा असाच आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. त्यावरून सूत्रधार, आणि सूत्रधारापासून मराठीतला ‘सुतार’, कारण लाकडावर सरळ रेघ धरायला त्याला दोरी लागते. गवंडी आणि सुतार ज्याला ‘एक सूत’ म्हणतात ते इंचाचा आठवा भाग असलेले मापही या दोऱ्याचेच. ‘सूची’ म्हणजे सुई.

एक सावधगिरीची सूचना. ‘वीण’ हा शब्द दिसला की तो याच कुळातला समजू नये. पक्षिनिरीक्षक ‘विणीचा हंगाम’ म्हणतात तेव्हा पक्षी घरटी विणतात हे खरे असले, तरी त्या ‘वीण’ शब्दाचा संबंध ‘विणे’ म्हणजे पिल्लांना जन्म देणे या धातूशी आहे. भूतकाळात गोंधळ राहत नाही: ‘मांजर व्याले’, पण ‘तिने मोजे विणले’. एकात कर्ता प्रथमेत आहे, दुसऱ्यात तृतीयेत. ‘शिवणे’चेही तसेच आहे. ‘तिने फ्रॉक शिवला’ म्हटले तर कापड, सुई आणि दोरा आला. ‘ती फ्रॉकला शिवली’ म्हटले तर नुसता हात लागला. शब्द दोन, रूप एक, आणि भेद सगळा वाक्यरचनेने सांभाळलेला.

मूळ लेखिका

आपले सर्वांचे आभार. ‘ओतप्रोत’ मी आजवर चुकीच्या चित्रासह वापरत होते, हे कबूल करते. नवे शब्द घडवण्याचा आग्रह मी सोडते आहे. कृती लिहिताना मात्र पहिल्याच ओळीत अडले. ‘साहित्य’ या मथळ्याखाली मी ‘लोकर, १०० ग्रॅम’ असे लिहिले, आणि मग गुंडाळीवरचा कागद पाहिला तर त्यावर शंभर टक्के अॅक्रिलिक असे छापलेले. मग ती लोकर म्हणावी का?

प्रतिसाद ४

व्यवहारात ‘लोकर’ हा शब्द धाग्याच्या जातीपेक्षा त्याच्या रूपाला लागला आहे. जाडसर, फुगीर, सुयांवर विणण्याजोगा असा कोणताही धागा म्हणजे लोकर, असा अर्थ आता रूढ आहे आणि बोलताना तो दुरुस्त करत बसणे मला पंडिती वाटते. लिहिताना, त्यातही लहान बाळाच्या कपड्याबाबत लिहिताना, तो दुरुस्त केलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. मेंढीची लोकर हे प्रथिन आहे, आपल्या केसांसारखेच. गरम पाण्यात चोळली तर तिचे तंतू एकमेकांत अडकून ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. अॅक्रिलिक आटत नाही, पण गरम इस्त्रीखाली आकार सोडते आणि त्याचा फुगीरपणा पुन्हा परत येत नाही. धाग्याचे टोक चिमट्यात धरून जाळून पाहिले तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काजळी बोटांनी चुरडता येते, तर अॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. म्हणजे ज्या शब्दाला आपण ढिलाईने वापरतो, त्याच्यावर कपडा धुणाऱ्या माणसाचे सगळे अवलंबून असते. ‘मेंढीची लोकर’ किंवा ‘अॅक्रिलिक लोकर’ असे दोन शब्द लिहावेत. दुसरा जोडशब्द तर्काला धरून नसला तरी वाचणाऱ्याला नेमके कळते.

‘सूत’ हा पर्याय काहींना सुचेल. पण सूत म्हटले की मनात कापूस येतो. सुताचा ‘नंबर’ही कापसाच्या हिशेबातून आला आहे: ८४० वार लांबीच्या जितक्या लडी एका पौंडात बसतात तितका त्याचा नंबर. त्यामुळे ४० नंबरचे सूत २० नंबरपेक्षा बारीक असते, जाड नव्हे, आणि नवशिके येथे हटकून फसतात. जाता जाता आणखी एक. भरतकामाच्या चकचकीत दोऱ्यावरचा ‘मर्सराइज्ड’ हा शब्द एखाद्या कारखान्याचे नाव समजला जातो. तो जॉन मर्सर या माणसावरून आला आहे. सुती धाग्यावर दाहक सोड्याची प्रक्रिया केल्यास तो बदलतो हे त्याने १८४४ मध्ये शोधले. आज त्या धाग्यात दिसणारी चकाकी मात्र पुढे प्रक्रियेच्या वेळी धागा ताणून धरू लागल्यावर आली.

प्रतिसाद ५

कृती लिहिणार असाल तर क्रियापदापेक्षा टाक्यांच्या नावांची काळजी अधिक घ्यावी, आणि त्या बाबतीत मराठीने लाजण्याचे कारण नाही. क्रोशात आपल्याकडे ‘साखळी’, ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ असे म्हणतात. आकडा टाक्यात घालून धागा ओढला, आकड्यावर दोन फास झाले, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढला की मुका खांब होतो. तो बसका असतो, ओळीत उठून दिसत नाही, म्हणून मुका. आकडा घालण्यापूर्वीच त्याला धाग्याचा एक वेढा दिला आणि मग दोन दोन फास सोडवत आलो की उंच खांब उभा राहतो. आता याच दोन टाक्यांची परकी नावे पाहा. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकी पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटिश पुस्तकात ‘डबल क्रोशे’ म्हणतात; आपल्या खांबाला अमेरिकी ‘डबल क्रोशे’, ब्रिटिश ‘ट्रेबल’. एकाच नावाने दोन ठिकाणी दोन वेगळे टाके! या घोळापायी मी एकदा पूर्ण बाही दीडपट लांब विणली आहे. ‘खांब’ म्हणणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण नाव मोजणीवरून नसून दिसण्यावरून आहे.

दोन सुयांवरच्या कामात ‘सुलट’ आणि ‘उलट’ ही नावेही अशीच दिसण्यावरून आहेत, आणि एक गोष्ट शिकवताना नेहमी राहून जाते: सुलट टाका मागून पाहिला की तो उलटच असतो. टाके दोन नाहीत, बाजू दोन आहेत.

क्रियापदे मात्र जपून वापरावीत. ‘टाका पडला’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला दवाखाना आठवेल. सुईवरून निसटला असेल तर ‘टाका गळला’ असे लिहावे. सुरुवातीला ‘टाके घालणे’, शेवटी ‘टाके बंद करणे’. गोल कामात ‘फेरी’, सरळ कामात ‘ओळ’. ‘काज’ हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे घर यावरून आला आहे, म्हणजे बटणाचे घर. आणि सुईवरच्या टाक्यांनाही काही जणी ‘घरे’ म्हणतात, हे योगायोगाने जुळून आले आहे.

प्रतिसाद ६

‘क्रोशा’ की ‘क्रोशे’? फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लहान आकडा असा आहे आणि उच्चार ‘क्रोशे’ला जवळचा आहे. मराठीत तो आकारान्त पुल्लिंगी होऊन ‘घोडा-घोड्याने’ या वळणावर जाईल असे वाटले होते, पण ‘क्रोश्याने’ फारसे कोणी लिहीत नाही. ‘क्रोशाने’ असेच रूढ आहे. तेच ठेवावे.

प्रतिसाद ७

विणकामाच्या शब्दांनी केवळ सासऱ्यांनाच फसवले असे नाही. इजिप्तमध्ये सापडलेले, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे लोकरी मोजे पाहणाऱ्याला दोन सुयांवर विणलेले वाटतात, पण ते ‘नॉलबाइंडिंग’ या एका सुईच्या, दोऱ्याचे तुकडे जोडत जाण्याच्या पद्धतीने केलेले आहेत. अशा अनेक जुन्या वस्तूंची नोंद दोन सुयांचे विणकाम म्हणून झाली होती. मराठीत त्यालाही आपण बिनदिक्कत ‘विणलेले मोजे’ म्हणू, आणि निदान खोटे तरी बोलणार नाही.

मूळ लेखिका

चिठ्ठी मी पुन्हा लिहिली आहे. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द मनात आला होता, पण हातमागाचे कापडही हस्तनिर्मितच असते आणि त्यात हात कोणाचा हे कळत नाही. ‘माझ्या हातचे’ म्हटले की ते कळते, म्हणून ‘माझ्या हातचे, दोन सुयांवरचे टोपरे आणि क्रोशाची शाल, धागा अॅक्रिलिक, इस्त्री करू नये’ असे लिहिले.

ती लिहिण्याची संधी मिळाली, कारण शाल माझ्याकडे परत आली आहे. शेवटचा फास मी नीट अडकवला नव्हता, बाळाच्या मुठीत धाग्याचे टोक आले आणि प्रतिसाद १ मध्ये म्हटल्याप्रमाणे तेथे एकच फास असल्यामुळे तीन ओळी सरसर निघाल्या. मैत्रिणीने घाबरून ‘शाल फाटली’ असे कळवले होते. फाटली नव्हती, उसवली होती. धागा अखंड आहे, तो तसाच गुंडाळून मी पुन्हा मुके खांब घालायला घेतले आहेत.